‘नको’ म्हणणाऱ्यांची सेवा

आमच्या चर्चच्या सेवा मंडळाचे सात नियम हॉलमधल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेले आहेत. बाकीचे सहा कुणी लिहिले मला ठाऊक नाही, पण चौथा माझा. ‘ज्यांच्या घरी आपण सेवेला जाऊ ते आधी नको म्हणतील. ती भीड समजावी आणि काम चालू ठेवावं.’ बावीस वर्षं मी मंडळाची अध्यक्ष होते आणि येईल त्या स्वयंसेवकाकडून हा नियम घोकून घेत होते. वर सांगायचे, “अरे, भीड ही भिकेची बहीण. माणूस उपाशी राहील पण मागणार नाही. आपणच पुढे व्हायचं.” सगळे माना डोलवायचे आणि मला फार बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू!

गेल्या वर्षी अध्यक्षपद माझ्या भाचीकडे गेलं. माझ्याच हाताखाली तयार झालेली, माझ्याहून कडक. आणि गेल्या महिन्यात जुन्या कपड्यांचं गाठोडं घेऊन हॉलच्या पायऱ्या उतरताना माझा पाय सटकला. उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. तिसऱ्या दिवशी भाची दारात हजर, हातात फाइल, मागे चार स्वयंसेवक.

“मावशी, तुझं नाव यादीत घेतलंय.”

“कसल्या यादीत?”

“आपल्याच. मदतीच्या.”

म्हणजे ज्यांना मदत करायची त्यांच्या. अहो, ती यादी माझ्या अक्षरात असायची! मी काही बोलायच्या आत ती स्वयंपाकघरात शिरली, चारी भिंती बघितल्या आणि हळहळली. “शनिवारी येतो आम्ही. स्वयंपाकघर रंगवून देतो. बघ कसं उजळेल.”

त्याचं असं होतं, की मंडळीतल्या रंगाच्या दुकानवाल्याने उरलेला दोन डबे लिंबू रंग दान केला होता. रंग आला होता, आता भिंत शोधणं चालू होतं. मला हवं होतं एवढंच, की कुणीतरी दिवसाआड येऊन माझी वेणी घालून द्यावी आणि डब्यांची झाकणं सैल करून ठेवावीत. ते कुणी विचारलं नाही. विचारायची पद्धतच नव्हती आमच्यात, मी पाडलीच नव्हती.

आता त्या भिंतीचं सांगते. माझे यजमान प्लंबर होते. कानावर कायम पेन्सिल, आणि खिशात कागद म्हणून कधी सापडायचा नाही. लग्नानंतर चौथ्या दिवशी त्यांनी चुलीशेजारच्या भिंतीवर लिहिलं, ‘गॅस लावला’ आणि पुढे तारीख. मी डोक्याला हात लावला. पण ते सुटले ते सुटलेच. ‘नळाचं वॉशर बदललं.’ ‘दूध उतू गेलं, मी नाही.’ ‘ही रुसली. कारण माहीत नाही.’ त्याच्याखाली तीन दिवसांनी, ‘ही बोलली. कारण विचारलं नाही.’ एकतीस वर्षांचा संसार, कमरेपासून डोक्यापर्यंत. सगळ्यात खाली डाव्या कोपऱ्यात, ‘डॉक्टर, सोमवार, दहा वाजता.’ त्या सोमवारी गेले ते परत आले नाहीत. पाच वर्षं मी त्या भिंतीला ओलं फडकं लावलेलं नाही. परक्याला ती कळकटच दिसणार, आहेच कळकट. पण सकाळी चहा उकळेपर्यंत मी त्यातली एखादी ओळ वाचते, आणि घरात कुणीतरी आहे असं वाटतं. ती गेली असती तर मी त्या घरात एकटी पडले असते, दुसऱ्यांदा.

“नको गं,” मी भाचीला म्हटलं. “ते तुझ्या काकांचं अक्षर आहे.”

भाची हसली. ते हसू मी ओळखलं, माझंच होतं. मान किंचित कललेली, आवाज मऊ. “मावशी, तूच सांगायचीस ना, दुःखाला कवटाळून बसलेल्यांना हात धरून बाहेर काढायचं? आणि आम्ही फोटो काढून ठेवतो की. आधीचा आणि नंतरचा.”

“फोटो चुलीत घाल! मला भिंत हवी आहे.”

“बरं बरं,” असं म्हणून तिने मागच्या चौघांकडे पाहिलं आणि चौघांनी समजूतदारपणे माना हलवल्या. नियम चौथा. गुरूची विद्या गुरूला!

दाराला कुलूप लावून बसावं, तर हात मोडल्या दिवशी दुसरी किल्ली मीच तिला दिली होती. मी पाळकसाहेबांकडे गेले. भले गृहस्थ आहेत. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाले, “देणं सोपं असतं, बाई. घ्यायला नम्रता लागते. तुमचंच वाक्य आहे, मी दोनदा प्रवचनात वापरलंय.” पाणी पिऊन मी उठले.

परतताना सुताराचं दुकान लागतं. नऊ वर्षं मी त्या दुकानासमोरून मान ताठ ठेवून जात होते, कारण सुतार माझ्याशी बोलत नव्हता आणि का बोलत नाही ते मला कळत नव्हतं. उपकाराची जाण नाही माणसाला, असं मी चारचौघांत म्हणायचे. त्याची बायको गेली तेव्हा मी सहा जणी घेऊन त्याचं स्वयंपाकघर लख्ख केलं होतं. फळीवर बुरशी धरलेल्या लोणच्याची एक बरणी होती. तो दारात उभा राहून म्हणाला होता, “ती नको, ती राहू द्या.” मी म्हटलं होतं, “संकोच करू नका, दादा.” बरणी रिकामी केली, राखेने घासली, उन्हात वाळवली आणि परत फळीवर ठेवली. मंडळीच्या मासिकात तिचा फोटोही छापून आला. अशी चकाकत होती!

त्या गुरुवारी पाळकसाहेबांकडून परतताना मी दुकानासमोर थांबले आणि एकदम सगळं उमगलं. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, मला कळायला नऊ वर्षं आणि एक मोडलेलं मनगट लागलं. मी आत गेले. सुतार रंधा मारत होता, थांबला नाही.

“दादा, ते लोणचं वहिनींनी घातलेलं होतं का?”

रंधा थांबला. “शेवटचं,” तो म्हणाला. “खात नव्हतो. झाकण उघडून वास घ्यायचो.” मग रंधा बाजूला ठेवून, “बरणी आहे अजून. स्वच्छ आहे.”

मला रडू फुटलं. नाक पुसायलासुद्धा डावा हात, धड पुसताही येईना. माफी मागितली ती कशीबशी, आणि त्याच दमात, निर्लज्जासारखी, माझ्या भिंतीचंही सांगितलं. भुशावर पडलेली टेप उचलून त्याने एवढंच विचारलं, “लांबी किती?”

शुक्रवारी तो प्लायवूडचे दोन तक्ते घेऊन आला. भिंतीवर चार बोटं जाडीच्या पट्ट्या ठोकल्या, त्यावर बिजागऱ्या, त्यावर तक्ते. दुपारपर्यंत भिंतीच्या जागी दुसरी, कोरी लाकडी भिंत उभी होती. पट्ट्या ठोकताना एकही खिळा अक्षरावर येऊ दिला नाही. ‘दूध उतू गेलं’शी मात्र दोन मिनिटं थांबला होता.

शनिवारी मंडळ आलं. भाची दारातच थबकली. “हे काय मावशी? भिंत कुठेय?”

“मागे आहे. ओल येत होती, झाकून घेतली.” चर्चच्या माणसांशी खोटं बोलले, देव बघून घेईल.

भाचीने क्षणभर विचार केला. पण रंग ढवळून झाला होता, ब्रश भिजले होते, फोटोवाला आला होता. “मग यालाच लावू!” ती म्हणाली. मी म्हटलं, “नको.” अगदी मनापासून म्हटलं, भीडच वाटावी असं. आणि पाचही जण जोमाने कामाला लागले. तीन तासांत प्लायवूड लिंबासारखं पिवळंधमक झालं. प्रार्थना झाली. माझा फोटो निघाला, प्लास्टरसकट. जाताना भाचीने मला मिठी मारली, तिचे डोळे भरले होते. पोरगी मनाची चांगलीच आहे हो, मीही चांगलीच होते.

सोमवारी सकाळी सुतार मुठी बसवायला आला. दोन स्क्रू पिळले आणि तक्ता ओढला. दार उघडावं तशी ती उघडली, माझी भिंत. सगळं जिथल्या तिथे होतं. तो चष्मा वर करून वाचायला लागला. ‘ही रुसली’पाशी आला आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा मी त्याला हसताना पाहिलं.

“चहा टाकते, दादा.”

“नको,” तो म्हणाला.

माझा डावा हात सवयीने पातेल्याकडे गेलाच होता. तो मी मागे घेतला. पातेलं पालथं घातलं, ओट्यापासून दोन पावलं लांब झाले आणि पदरात हात घेऊन उभी राहिले. नको म्हणजे नको. माणसाचा शब्द मानायचा, आता तरी.

तो वाचत राहिला. मी उभी राहिले. त्याने हत्यारं पिशवीत भरली, पुन्हा बाहेर काढली, पुसली, पुन्हा भरली. पिशवी खांद्याला लावली आणि दारापर्यंत जाऊन घुटमळला.

“बाई,” तो म्हणाला, “मी आपलं भिडेनं म्हटलं हो.”

मग परत आला, पातेलं सुलटं केलं आणि माझ्यापुढे हात धरला. “आणा तो पत्तीचा डबा. एका हाताने उघडत नसेल तुम्हाला.”