वापरणाऱ्याचा अभिप्राय

खरेदी विभागातला कारकून सकाळपासून एकाच कागदाशी झटत होता. खुर्च्या असोत की पंखे, रेघा मारून तुलनातक्ता केला की त्याला चुटकीसरशी निर्णय सुचायचा. आज मात्र डोकं पार चक्रावलं होतं. तक्ता बायकोच्या औषधांचा होता.

स्तनाचा कॅन्सर फुप्फुसापर्यंत पसरला होता. डॉक्टरांनी काल त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "पूर्ण बरा होणार नाही, पण आटोक्यात ठेवता येईल. केमोचं एक औषध देऊ, किंवा दोन एकत्र. दोन दिली तर गाठी लवकर आकसतील. पण त्रास जास्त, खर्च तिप्पट. आयुष्य किती वाढेल, छातीठोकपणे सांगता येत नाही. दोन दिवसांत कळवा."

दोन घ्यावीत तर राहतं घर गहाण. एक घ्यावं तर जन्मभराची टोचणी, की पैशासाठी हात आखडला! मेहुणा म्हणे दोन, थोरला भाऊ म्हणे एक. याचं स्वतःचं मत तासागणिक बदलत होतं. अंदाजाने भागाकार करून त्याने तिच्या आयुष्याच्या एका महिन्याची किंमत काढली आणि त्याला स्वतःचीच शिसारी आली.

फाइल मागायला आलेल्या हेडक्लार्कबाई तक्ता पाहून थबकल्या. त्याने सगळं सांगून टाकलं.

"हिशेब केलास त्यात गैर काही नाही," खुर्ची ओढत त्या म्हणाल्या. "पण वापरणाऱ्याचा अभिप्राय कुठाय? साधी खुर्ची घेतानाही बसणाऱ्याला विचारल्याशिवाय मी सही करत नाही."

"तिला कसं विचारू, बाई? ती खचेल."

"ती खचेल, की तुझी बोबडी वळेल?"

अरे देवा! खरंच की! सगळ्यांना विचारून झालं, आणि जिच्या शिरेत सुई जाणार तिलाच वगळलं होतं!

संध्याकाळी त्याने अडखळत तिला सारं सांगितलं.

"अहो, रिपोर्ट मलाही वाचता येतात," बायको म्हणाली. "तुम्ही तिघं दाराआड कुजबुजता आणि मी झोपेचं सोंग घेऊन पडते. त्यानेच जास्त जीव गुदमरतो. उद्या मी येते."

दुसऱ्या दिवशी तिनेच डॉक्टरांना विचारलं, "जास्त दिवस हिंडती-फिरती कशाने राहीन? लेकीशी भांडायला अंगात त्राण हवं मला!"

डॉक्टर हसले. मग विचार करून म्हणाले, "तुमची प्रकृती बघता आधी एकच देऊ. ते लागू पडेनासं झालं की दुसरं."

"तसंच करा," ती म्हणाली.

निर्णय बरोबर की चूक, त्याला अजूनही उमगत नव्हतं. पण घरी येताना ती त्याच्याशी भरभरून बोलत होती, कित्येक दिवसांनी.

मंडळी, उपचाराचा खर्च मोजण्यात लाज कसली? फक्त आजारी माणसाला दाराबाहेर ठेवून मोजू नका. आयुष्य त्याचं आहे. आधी त्यालाच विचारा!