अर्धी ओळ

वहिनीने कपाटातल्या जपमाळा, चटया आणि मेणबत्त्या बाजूला सारून आपली खंजिरी बाहेर काढली. इस्पितळाच्या प्रार्थनेच्या खोलीत एवढं एकच कपाट होतं; जगातले सगळे धर्म त्यात एकेका खणात नांदत होते. भिंती मात्र कोऱ्या. कुणाचा देव कुणाला खुपायला नको.

"झालं सुरू," कोपऱ्यात डोळे मिटून बसलेली नणंद म्हणाली. "बहिरा आहे का गं तुझा देव?"

"बहिरा नाही, ताई. तुमच्या देवासारखा घुमा नाही, एवढंच."

नणंदेने उठून दार धाडकन लावलं. लग्नानंतर तिने नवऱ्याचा धर्म घेतला, तेव्हापासून माहेरी तिचा पाण्याचा पेला वेगळा होता. तो वेगळा काढणारी ही वहिनीच.

एकीचा नवरा, तोच दुसरीचा भाऊ, याच मजल्याच्या टोकाला छाती उघडून ऑपरेशनच्या टेबलावर पडला होता. तो कुठल्याच देवाला मानत नसे. कालच हे कपाट बघून हसला होता, "बघा, हे सगळे एका कपाटात राहतात. तुम्हा दोघींना अख्खं घर पुरत नाही."

"तो वाचला की म्हणशील, माझ्याच देवाने वाचवला," नणंद म्हणाली.

"आणि काही बरंवाईट झालं, तर तुम्ही म्हणाल, हिच्या गाण्याने झालं."

वहिनीने सूर लावला. त्यांच्याकडच्या गात्या प्रवचनांत रिवाज होता: गाणाऱ्याने ओळ अर्धी सोडायची, ऐकणाऱ्यांनी पुरी करायची. देव न मानणारा तिचा नवरा दर वेळी मागे बसायचा आणि सगळ्यांच्या आधी, बेसूर, ती पुरी करायचा.

"कडी वाजवुनी मी दमले रे..."

ओळ तशीच लोंबकळत राहिली. नणंदेने ओठ आणखी घट्ट मिटले.

दार ढकलून परिचारिका डोकावली. "हृदय अजून आपणहून सुरू होत नाहीये. मशीनवरच आहेत. डॉक्टर प्रयत्न करताहेत. तुम्ही इथंच थांबा."

ती गेली. खंजिरी वहिनीच्या मांडीवर कलंडली. नणंद उठली, उंबऱ्याबाहेर काढलेली आपली चप्पल उचलली आणि दार सताड उघडून त्याच्याखाली खुपसली.

"हे काय करताय?"

"आवाज जाऊ दे तिकडे. गा."

"पण तुम्हाला तर..."

"मला नाहीच आवडत. डोकं उठतं माझं. त्याला आवडतं."

वहिनीने पदराने नाक पुसलं. "मग उरलेली अर्धी तुम्ही म्हणा. लग्नाआधी म्हणायचात की."

"नाही म्हणणार."

"आत्तासुद्धा एवढा राग, ताई?"

"राग आहेच." नणंद दारातच बसली, मजल्याच्या त्या टोकाकडे तोंड करून. "पण ती अर्धी त्याची आहे."

वहिनीने खंजिरी उचलली. ओळ घेतली, अर्ध्यावर सोडली, आणि दोघी ऐकत राहिल्या.