बाबा म्हणतात

बाबा गेल्यावर ज्येष्ठांसाठीचा त्यांचा ऑनलाइन चित्रकलेचा वर्ग बंदच पडणार होता. नाही जमलं तर सोडून देईन, असं आईला सांगून मी रविवारी त्यांच्या खुर्चीत बसले आणि कोटाच्या खिशात हात घातलेल्या सरदाराचं चित्र दाखवलं.

"बाबा म्हणतात, चित्रकाराला हात जमत नसले की तो माणसाला खिसे शिवतो."

'म्हणायचे' हवं होतं. वर्गातल्या, निवृत्त मुख्याध्यापिका असलेल्या काकूंनी लगेच माइक उघडला. व्याकरणावरून त्या बाबांनाही सोडत नसत.

"क्रियापद बरोबर आहे, पोरी. पुढच्या रविवारी काय म्हणतात?"

"बाबांना सांग, हात जमणारा चित्रकार आणा म्हणावं!" एक आजोबा ओरडले.

एकदम सगळ्यांचे माइक उघडले. हशा आणि टाळ्यांत मी पुढचा विषय जाहीर केला.