माझ्या डोक्यावरची गादी

मी एक जुना हॅलोजन दिवा आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगायला बसल्या की हळव्या होतात, उसासे टाकतात. मला ते जमणार नाही. मला राग आलेला आहे, आणि तो गिळून गोड बोलण्याचं माझं वय राहिलेलं नाही.

आधी मी कोण ते नीट सांगतो. बल्ब म्हणजे मी नव्हे. बल्ब येतात आणि जातात. छताला गोल भोक पाडून त्यात बसवलेली पत्र्याची वाटी, तिची पांढरी कड आणि वरची वायर, तो मी. माझ्या पोटात छोटासा बल्ब बसतो आणि तव्यासारखा तापतो. खरं सांगायचं तर मी उजेड थोडा देतो आणि उष्णता फार. माझी घडणच तशी आहे आणि ती मी कधी लपवली नाही. कारखान्यात माझ्या अंगावर एक कागद चिकटवला होता. त्यावर माझं चित्र, शेजारी थंडी अडवायला छतात पसरतात त्या जाड गादीचं चित्र, आणि दोघांच्या मध्ये मोकळी जागा सोडायची खूण. अक्षरओळख नसलेल्यालाही कळावं इतकं सोपं. हा कागद लक्षात ठेवा, कारण तो वाचायचा सोडून बाकी सगळं लोकांनी केलं.

बॅलरट नावाच्या थंड गावातल्या पॅस्को कुटुंबाच्या स्वयंपाकघरात मला बसवलं, तेव्हा आम्ही आठ भाऊ होतो. मी चुलीच्या वर. पहिली काही वर्षं आमचं कौतुकच कौतुक. लॉर्ना पॅस्को ओट्यावर फळं घातलेला पांढराशुभ्र पाव्हलोव्हा केक ठेवायची आणि शेजारणी म्हणायच्या, "अगं लॉर्ना, मासिकातलं स्वयंपाकघर वाटतंय!" मी फुगून जायचो. ज्या इलेक्ट्रिशियनने आम्हाला बसवलं त्याने कागद वाचला होता. छतातल्या जुन्या पातळ गाद्या कापून प्रत्येकाभोवती हातभर जागा मोकळी सोडली होती. भला माणूस होता, त्याचं नाव मात्र मला ठाऊक नाही.

बॅलरटची थंडी हाडात शिरते. आमच्याभोवतीच्या मोकळ्या जागेतून छतावरच्या पोकळीतला गार वारा खाली उतरायचा आणि लॉर्ना दोन दोन स्वेटर घालून भाजी चिरायची. ती नवऱ्याला म्हणाली, "ट्रेव्हर, काहीतरी कर बाबा. मानेवर बर्फ ठेवल्यासारखं वाटतं."

ट्रेव्हर पॅस्को रेल्वेच्या कारखान्यात फिटर होता. आता निवृत्त. जगातली कुठलीही गोष्ट आपल्याला येते आणि ज्याला तिचे पैसे द्यावे लागतात तो मूर्ख, अशी त्याची ठाम समजूत. शनिवार-रविवारी शिडी, हातोडी आणि बिअर घेऊन घरावर चढणारे पुरुष या गावात गल्लोगल्ली आहेत. ट्रेव्हर त्यांचा मुकुटमणी. छताच्या पोकळीत पसरतात त्या, काचेच्या तंतूंच्या जाड गाद्या त्याने स्वस्तात आणल्या, आणि शेजारच्या मर्व्हनेही आणल्या. शनिवारी दोघांनी मिळून मर्व्हचं छत उरकलं आणि रविवारी आमचं.

मर्व्ह गुडघ्यांवर रांगत माझ्याजवळ आला आणि थांबला. म्हणाला, "ट्रेव्ह, इथे काहीतरी चित्र आहे रे. जागा सोडायची म्हणतंय."

ट्रेव्हरचा चष्मा दोरीने गळ्यात लटकत होता. तो डोळ्यांवर चढवायला किती वेळ लागतो?

"त्या जागेतूनच तर वारा येतो, शहाण्या," ट्रेव्हर म्हणाला. "झाक सगळं. काल तुझ्याकडे झाकलं तसंच. काही होत नाही."

आणि माझ्या डोक्यावर गादी पडली.

त्या दिवसापासून माझी उष्णता वर जाईना. ती माझ्याच भोवती कोंडली, माझ्या शेजारच्या लाकडी पट्टीत मुरू लागली. माझ्या अंगावरचा कागद पिवळा पडला, मग तपकिरी, मग त्याचा चुरा झाला. वायरवरचं आवरण बिस्किटासारखं तडकलं. मी काय करणार होतो? मला तोंड नाही. माझ्याकडे एकच भाषा होती, बल्ब घालवण्याची. मी तीन आठवड्यांत बल्ब घालवला. नवा आला, तोही घालवला. मी ओरडत होतो, मित्रांनो. ट्रेव्हर शिडीवर चढायचा, जळका बल्ब काढून म्हणायचा, "भिकारडी वस्तू! हल्ली काही धड बनवतच नाहीत."

भिकारडा मी! गादी याने टाकली आणि भिकारडा मी!

पुढे हॅलोजन बल्ब दुकानांतून नाहीसे होणार अशी कुणकुण लागली. दुसरा कुणी असता तर त्याने दिवे बदलले असते. मुलीने सांगितलं, "बाबा, एलईडी लावून टाका, वीज कितीतरी कमी लागते." यावर ट्रेव्हरने काय करावं? गावातल्या तीन दुकानांतून हॅलोजन बल्बांची दोन खोकी भरून आणली आणि शेडमध्ये रचून ठेवली. "मी मरेपर्यंत पुरतील," असं सगळ्यांना सांगत सुटला. "त्या एलईडीखाली माणूस दवाखान्यातल्यासारखा दिसतो."

मग लॉर्नाच्या कमरेचं ऑपरेशन झालं. ती चार पायांच्या चौकटीला धरून चालू लागली आणि चुलीजवळ उंच स्टुलावर, अगदी माझ्याखाली, बसून स्वयंपाक करू लागली. एक दिवस तिने नाक वर केलं.

"ट्रेव्हर, काहीतरी जळतंय."

"तुझा टोस्ट असेल."

"मी टोस्ट केलेलाच नाही."

"मग ऑपरेशनच्या औषधांनी तुझं नाक बिघडलंय. डॉक्टरला विचार."

हे संभाषण मी दोन हिवाळे ऐकलं. शब्द थोडे बदलायचे, एवढंच. शेवटी शेवटी तीच स्वतःवर संशय घेऊ लागली. दार उघडून हवा घ्यायची आणि पुटपुटायची, "मलाच वास येतो वाटतं." मला त्या वेळी जितका संताप आला तितका स्वतःसाठीही कधी आला नव्हता. जळणारं लाकूड मी होतो तिथे होतं, ते ओळखणारं नाक खाली होतं, आणि मध्ये हा उंटावरचा शहाणा. उद्या छत पेटलं तर हा धावत अंगणात जाईल. ती चौकट धरून कुठवर जाईल?

एका बुधवारी ट्रेव्हर बोल्स हा गोळ्यांचा खेळ खेळायला क्लबात गेला. माझ्यासकट तीन दिव्यांचे बल्ब तेव्हा गेलेले होते आणि ट्रेव्हर उद्या बदलतो म्हणत होता. लॉर्नाने कुणालाही न विचारता फोन फिरवला आणि डॅनिका नावाची इलेक्ट्रिशियन आली. तिशीची, दणकट, कानावर पेन्सिल खोचलेली. लॉर्ना तिला म्हणाली, "नुसते एलईडी बल्ब घाल आणि जा, बाई. नवरा यायच्या आत."

नुसते बल्ब घालून ती निघून गेली असती तर? पुष्कळजण तेवढंच करतात. खालून बल्ब बदलला, उजेड आला, काम संपलं. डॅनिका मात्र म्हणाली, "वर काय आहे ते बघितल्याशिवाय मी हात लावत नाही." तिने मेन स्विच बंद केला, छताची झडप उघडली आणि रांगत माझ्यापाशी आली. गादी उचलली. कित्येक वर्षांनी माझ्या डोक्याला गार वारा लागला.

तिने एक शिवी दिली. ती इथे लिहिता येणार नाही, पण ती ऐकून मला फार बरं वाटलं.

तेवढ्यात ट्रेव्हर परतला. दारात तिची गाडी बघूनच त्याचा पारा चढला होता. "कुणी बोलावलं हिला? माझ्या घरात मला न विचारता?"

वरून डॅनिका म्हणाली, "अहो ट्रेव्हर, आरडाओरडा नंतर करा. आधी वर या. आणि चष्मा लावून या."

तो आला. माझ्या शेजारची लाकडी पट्टी कोळशासारखी काळी पडली होती. डॅनिकाने पेन्सिलीचं टोक लावलं तर ते आत शिरलं. ट्रेव्हरने बोट लावलं, काळं झालेलं बोट पाहिलं आणि पॅंटला पुसलं.  खाली उतरला तर लॉर्ना स्टुलावर बसून होती.

"माझं नाक ठीक आहे ना?" तिने विचारलं. आणि मग ती रडली. रागाने रडली. दोन हिवाळे साठवलेला तो राग होता.

डॅनिकाने आम्हा आठही जणांना काढलं, पट्टी बदलली, वायरी बदलल्या आणि नवे एलईडी दिवे बसवले. वर गादी आली तरी चालेल अशाच घडणीचे, शिवाय बंद तोंडाचे, म्हणजे वाराही येणार नाही. माझ्या सहाव्या हिश्श्याएवढ्या विजेवर माझ्याइतका उजेड देतात. मला त्यांचा मत्सर वाटला का? नाही. माझी जागा त्यांनी घ्यायलाच हवी होती, पाच वर्षं आधीच. आम्हाला डॅनिका भंगारात नेणार होती, पण "चांगला पत्रा आहे" म्हणून ट्रेव्हरने खोक्यात घालून शेडमध्ये ठेवलं.

म्हणूनच पुढचं मी ऐकलं.

दीड महिन्यानंतरचा शनिवार. शेडचं दार वर गुंडाळलेलं, तव्यावर सॉसेज आणि कांदा. मर्व्ह बिअर घेऊन आला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघून म्हणाला, "दिवे बदललेस वाटतं? तू? मरेपर्यंत पुरणार होते ना?"

ट्रेव्हर सॉसेज उलटत म्हणाला, "वीजबिल वाचतं रे. सगळेच बदलतात हल्ली."

बस, एवढंच! वीज वाचते हे खरं आहे, पण त्या खऱ्याच्या आड तो लपला. शेजारच्या छतात याच माणसाच्या सांगण्यावरून त्याच गाद्या तशाच पडलेल्या होत्या. मर्व्हची मुलगी टेगन आठ-नऊ महिन्यांच्या बाळाला घेऊन दोन महिन्यांपासून माहेरी राहायला आलेली होती. हे सगळं ट्रेव्हरला माहीत होतं. लाज वाटत होती, म्हणून तो गप्प होता.

लॉर्ना एका हातात पावाची बशी घेऊन, दुसऱ्याने चौकट धरून दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"ट्रेव्हर, अजून सांगितलं नाहीस?"

"सांगतो गं. जेवण होऊ दे."

"जेवण होऊ दे?"

तिने बशी ठेवली, चालायची चौकट सोडली, भिंतीला धरत खोक्यापर्यंत आली आणि मला उचललं. माझी करपलेली पाठ वर करून मला मर्व्हच्या हातात ठेवलं.

"हा माझ्या डोक्यावर होता, मर्व्ह. गादीखाली. लाकूड कोळसा झालं होतं. तुझ्याकडे असे किती आहेत?"

मर्व्हने मला उलटंसुलटं केलं. "चौदा," तो म्हणाला. मग ट्रेव्हरकडे बघत राहिला. "तूच म्हणालास ना, झाक म्हणून?"

"आत्ता चालू आहेत?" लॉर्नाने विचारलं.

"टेगन बाळाला भरवतेय. स्वयंपाकघरात."

त्याने मला पावाशेजारी टाकलं आणि तो धावला. ट्रेव्हर शिडी घेऊन मागे. कुंपणापलीकडून मला हाका ऐकू आल्या, मेन स्विचचा खटका ऐकू आला, बाळ घेऊन हिरवळीवर आलेल्या टेगनचं "काय झालं, काय झालं?" ऐकू आलं.  मग छतातून मर्व्हचा चढलेला आवाज. "ट्रेव्ह, इथेही काळं झालंय रे. अजून गरम आहे."

"माझी चूक आहे," ट्रेव्हर म्हणाला. "मला माहीत होतं."

"केव्हापासून?" मर्व्हने विचारलं.

मित्रांनो, घरातले जुने दिवे बदला, वीज वाचवा, पण खालून बल्ब बदलून हात झटकू नका. जाणत्या माणसाकडून छतात काय आहे ते बघून घ्या. घरात कुणी वास येतो म्हणालं तर त्याच्या नाकाला नावं ठेवू नका. आणि आपली चूक दुसऱ्याच्या डोक्यावर टांगलेली असेल, तर ती त्याच दिवशी जाऊन सांगा. लोक म्हणतात, झालं ते झालं, कुणाला काही झालं नाही ना, आता राग सोड. मी सोडणार नाही. दीड महिना ते बाळ रोज त्या चौदा दिव्यांखाली बसून जेवत होतं.