तोंडानं बोल

“तोंडानं बोल, वॅसिली, तोंडानं! देवानं ते नुसते वाळवलेले मासे चघळायला दिलेलं नाही,” ओलिंका ओरडली.

वॅसिलीने हातातलं ड्रिल खाली ठेवलं. त्याच्यासमोर खुर्चीला रबरी गालांचं एक डोकं अडकवलेलं होतं. दातांचे उपचार शिकायला गावोगावहून आलेली पोरं आधी असल्या डोक्यांवर हात बसवायची आणि मग खऱ्या मुलांवर. वॅसिलीचा हात केव्हाच बसला होता. सीलची शिकार करणारे ते पंजे, पण दाढ कोरताना इतके हलके चालायचे की शिकवणाऱ्या ओलिंकालाही मनातून हेवा वाटे. अडचण एकच होती. ‘आता सुई टोचतोय, चालेल ना?’ एवढं वाक्य काही त्याच्या तोंडून निघत नव्हतं.

“याला भुवया नाहीत, मावशी,” तो म्हणाला. “हा हो म्हणणार कसा?”

मागची पोरं फिस्सकन हसली. ओलिंकालाही हसू आलं, आणि त्यामुळे ती जास्तच चिडली.

उत्तरेकडच्या या बर्फाळ मुलखात, बेथेलमध्ये आणि नदीकाठच्या सगळ्या गावांत हो म्हणायचं तर भुवया वर करतात, नाही म्हणायचं तर नाक आक्रसतात. तेवढ्यासाठी शब्द कोण खर्च करतो? ओलिंकाही तशीच वाढलेली. पण परीक्षक बाहेरून विमानाने येत, कारण इथे जो तो एकमेकांचा कोणीतरी लागतो. ती स्वतः वॅसिलीच्या आईची चुलतबहीण होती. आणि बाहेरच्यांना कपाळ वाचता येत नाही. दरवर्षी नवा परीक्षक, दरवर्षी तेच पुराण. याच एका गोष्टीवर वॅसिली गेल्या वर्षी नापास झाला होता. उद्याची परीक्षा ही शेवटची संधी. समुद्राकडच्या त्याच्या गावात दवाखान्यातली खुर्ची त्याची वाट बघत रिकामी पडली होती. तिथे पोराची दाढ ठणकली की त्याला विमानात घालून बेथेलला आणायचं, आणि वादळ असलं तर रडू द्यायचं.

“तू नापास झालास तर मी तुझ्या आईला तोंड दाखवणार नाही,” ओलिंका म्हणाली. “उद्या बोलशील ना?”

वॅसिलीने भुवया वर केल्या. ओलिंकाने कपाळावर हात मारून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्चीवर सहा वर्षांची एलेना होती. यंदाच्या परीक्षक डॉक्टर हॅलोरन बाई, हसऱ्या आणि सभ्य, हातात गुणांचा कागद घेऊन शेजारी उभ्या होत्या. ओलिंकाने भिंतीला टेकून गप्प उभं राहायचं, हा नियम.

वॅसिलीने मास्क चढवला आणि वाकून एलेनाकडे बघितलं. सुई दाखवली. भुवयांनी विचारलं. एलेनाने भुवयांनीच उत्तर दिलं आणि आपणहून मोठा आ केला. इतकं गुणी पोर ओलिंकाने महिन्यात बघितलं नव्हतं.

“थांबा,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “तिनं हो म्हटलेलं नाही. बाळा, तुला चालेल ना?”

एलेनाने भुवया वर केल्या.

“घाबरू नकोस हं. सांग, चालेल?”

एलेनाने आणखी वर केल्या. या बाईला दिसत कसं नाही म्हणून ती बिचारी भुवया पार केसांत घुसवायला निघाली होती.

“बघा, डोळे केवढे झालेत! भेदरलीये पोरगी.”

“अहो, ती हो म्हणतेय!” ओलिंका भिंतीपासून ओरडली. “तीनदा म्हणून झालं तिचं!”

परीक्षा तिथेच थांबली. डॉक्टरबाईंनी ओलिंकाला बाजूला घेतलं. “माझा विश्वास आहे तुमच्यावर. पण उद्या त्याच्या खुर्चीवर बाहेरचं कोणी बसलं तर? आणि कागदावर भुवयांना जागा नाही, ओलिंका. जेवणानंतर अजून एक मूल आहे. तेवढं मी करू शकते.”

बाईंचं अगदीच चुकत नव्हतं, म्हणून ओलिंकाचा सगळा संताप वॅसिलीवर निघाला. तिने त्याला बाहेर ओढलं.

“ती हो म्हणाली, मावशी.”

“मला दिसलं रे! मला दिसून काय उपयोग? मी काय गुण देणारेय?” असं म्हणून तिने त्याची कापडी टोपी धरली आणि खसकन खाली ओढली, पार चष्म्यापर्यंत. “आता हलव काय हलवायचं ते.”

दुपारी मॅक्सी नावाचा मुलगा आला. टोपी, चष्मा, मास्क. वॅसिलीच्या चेहऱ्याचं काहीच शिल्लक नव्हतं. मॅक्सी त्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत राहिला.

“मी वॅसिली. आता मी तुझ्या हिरडीत सुई टोचणार आहे. थोडं दुखेल. तुला चालेल का?” विमानतळावरच्या भोंग्यासारखा सपाट आवाज. “मला शब्दांत सांग.”

मॅक्सीने भुवया वर केल्या.

“शब्दांत सांग.”

“हो,” मॅक्सी कसाबसा पुटपुटला आणि रडायला लागला. वॅसिलीने प्रत्येक पायरी मोठ्याने सांगितली, प्रत्येक वेळी विचारलं, प्रत्येक वेळी ‘हो’ वदवून घेतलं. पोराची आसवं कानांत ओघळत होती, पण दाढ झकास भरली गेली. डॉक्टरबाईंनी कागदावर लिहिलं, ‘संवाद उत्तम.’

वॅसिली पास झाला. पोरांनी त्याच्या पाठीत धपाटे घातले. ओलिंकाने त्याच्या आईला फोन लावला, तर पलीकडून ती नुसती रडली.

संध्याकाळी पोरं पांगल्यावर ओलिंका त्याच्याजवळ गेली. त्याने टोपी काढली होती आणि केस घामाने कपाळाला चिकटले होते.

“घरी चल. मूस हरणाच्या मटणाचं सूप केलंय. येतोस ना?”

“हो मावशी, येतो,” वॅसिली स्वच्छ, खणखणीत आवाजात म्हणाला. “थँक्यू.”

दोन वर्षं घसा कोरडा करून तिने हेच मागितलं होतं. तरी ती त्याच्या कपाळाकडे बघत थांबली.

“माझ्याशी नको रे,” ती म्हणाली.

“काय नको, मावशी?”

त्याला खरंच कळलं नव्हतं. कपाळावर एक सुरकुती हलली नव्हती.

“काही नाही,” ओलिंका म्हणाली आणि बूट घालायला खाली वाकली.