नाव नसलेली बटणं

"आजच्या दिवसापुरतं खरं बोल. उद्याचं उद्या बघू." सासूबाईंनी हा नेम दिला तेव्हा मी नवी सून होते. वाटलं, एका दिवसाचं तर आहे. त्याला सव्वीस वर्षं झाली. रोज सकाळी दिवा लावताना मी तेवढंच म्हणते, आजच्यापुरतं. खोटं बोलायचं नाही आणि लिहायचंही नाही.

दुकानात कॉम्प्युटर आला आणि नेम जड जाऊ लागला.

आमचं दुकान बटणं, दोरे, लेस यांचं. भिंतभर पुठ्ठ्याचे डबे, आणि बटणांच्या प्रत्येक डब्याच्या तोंडाशी आतलंच एक बटण शिवलेलं. चिठ्ठी नाही, नाव नाही. "बटण दिसतंय की, नाव कशाला?" थोरले मालक म्हणायचे. धाकट्या मालकांनी यंत्रात माल भरला तो मात्र डब्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून. दोऱ्यांना चिठ्ठ्या होत्या, सुयांना होत्या. बटणांचे चारशे बारा डबे तेवढे राहून गेले. वर हुकूम निघाला, कॉम्प्युटरच्या बिलाशिवाय काउंटरवरून काडी हलायची नाही. बटणं राहिलीत, हे मी मालकांना दोनदा जाऊन सांगितलं. "बघू हो, महिनाअखेर होऊ दे," म्हणाले.

माझ्या शेजारच्या काउंटरवरच्या लेसवालीने तोड काढली. बटण कुठलंही असो, ती बिलात 'सेफ्टी पिना' दाबायची. यंत्र खूश, गिऱ्हाईक खूश. बाकीच्याही तेच शिकल्या.

"तूही दाब की," ती म्हणायची. "यंत्राशी खोटं बोललं तर पाप लागत नाही. त्याला कान कुठे आहेत?"

"मला आहेत ना."

"मग बस पडद्यावरची हिरवी अक्षरं बघत. तुझा देव आणि हे यंत्र, दोघंही नुसते बघतात. बोलत काही नाहीत."

गुरुवारी दुपारी बसचा कंडक्टर आला. तीस वर्षांचं गिऱ्हाईक. कोटावर हात ठेवून म्हणाला, "ताई, एक पितळी बटण द्या. तिसरं गळालंय. उद्या चारची फेरी शेवटची, मग कायमचा घरी. बायको म्हणते, पहिल्या दिवशी सगळी बटणं होती, शेवटच्या दिवशीही हवीत."

बटण माझ्या पाठीमागच्याच डब्यात होतं. मी सगळ्या कळा दाबून पाहिल्या. पडद्यावर आलं, 'माल आढळला नाही'. लेसवालीने पिनांच्या कळेकडे हात लांबवला, तो मी हळूच बाजूला केला.

"उद्या तीनच्या आत बटण तुमच्या हातात," मी म्हणाले.

"यंत्र तर नाही म्हणतंय."

"यंत्र म्हणू दे. मी सांगतेय ना."

तो गेल्यावर माझ्या ध्यानात आलं. नेम आजच्यापुरता, आणि मी उद्याचा शब्द देऊन बसले होते.

शुक्रवारी सकाळी दारात टेम्पो उभा राहिला. चौसष्ट खोकी उतरली. सगळ्यांत सेफ्टी पिना. पिनांचा खप बघून यंत्राने आपणहून मागणी काढली होती, आणि धाकट्या मालकांनी कौतुकाने खाली सही ठोकली होती. आता ते एक खोकं कडेवर घेऊन उभे होते.

"एवढ्या पिना नेतंय कोण? बाई, तुमच्या काउंटरवरून किती गेल्या?"

"तीन पुडे."

"आणि यांच्या?"

"ते त्यांनाच विचारा."

लेसवाली छत न्याहाळत होती. "पिनाच होत्या, मालक," ती शेवटी म्हणाली. "काहींना चार भोकं होती, एवढंच."

मालकांनी रागवायचा प्रयत्न केला, पण तो जमला नाही. हसत हसत खोक्यावरच बसले. "अहो, पण या बटणांना नावं काय द्यायची?"

"नावं आहेत की," मी म्हणाले. "आम्ही आपसात त्याच नावांनी मागतो."

मग मी सांगत गेले, ते एका बोटाने टाइप करत गेले. मोत्याचं मोठं बटण 'विहीण', कारण कुठल्याही कापडावर लावा, नाक वर करूनच बसतं. बारीक निळं ते 'रुसूबाई', हात लागला की काउंटरखाली जाऊन लपतं. 'जाऊबाई' जोडीनेच विकायची, एकटी कुठे शोभत नाही. दुकानात गिऱ्हाइकं थांबून ऐकू लागली. एका आजोबांनी विहीण बघायला मागितली.

दोन वाजले तरी साठच डबे झाले होते. मी म्हटलं, "मालक, रांग मोडून एक आधी घ्या. पितळी. त्याचं नाव कंडक्टर."

यंत्राने बराच विचार केला. मग हिरवी अक्षरं उमटली, 'कंडक्टर, पितळी, एक नग'. प्रिंटर करकरला. लेसवालीने हात जोडले, यंत्राला की मला, ते कळलं नाही.

मी बटण बिलात गुंडाळलं, सुई-दोरा पर्समध्ये टाकला. लेसवालीने वर पिनांचा एक पुडा कोंबला. "ने गं बाई, वाटेत लागल्या तर."

घड्याळात अडीच झाले होते. मी बटण मुठीत धरलं आणि बस डेपोच्या रस्त्याला लागले.