वजन बघ

मी एसएमपीएस बोलतोय. कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमध्ये मागच्या कोपऱ्यात बसून बाकी सगळ्यांना वीज पुरवतो, तोच मी. खोक्यावर मला पॉवर सप्लाय म्हणतात. प्रोसेसरचं कौतुक होतं, ग्राफिक्स कार्डाचे रंगीत दिवे लोक काचेतून बघत बसतात, आणि माझी आठवण येते ती जळका वास सुटल्यावर. पण मी काही कौतुक मागायला बसलेलो नाही. माझ्या पोटात एक गोष्ट होती, तेवढी सांगायची आहे.

माझा जन्म पत्र्याच्या एका शेडमध्ये झाला. लांबलचक टेबलावर आम्ही पन्नास जण उघड्या पोटाने रांगेत पडलो होतो. चांगल्या एसएमपीएसच्या पोटात तांब्याची जाड वेटोळी असतात, मोठे कपॅसिटर असतात, उष्णता ओढून घेणारे ॲल्युमिनियमचे जाड पत्रे असतात. आमच्या वाट्याला सगळंच चिमूटभर आलं. मग एका बाईने प्रत्येकाच्या पोटात मुठीएवढं ओतीव लोखंड ठेवलं आणि ते सरसाने चिकटवलं.

"हे कशाला?" शेजारच्या नव्या कामगारणीने विचारलं.

"वजनाला," बाई म्हणाली. "गिऱ्हाईक हातात घेऊन बघतं ना!"

झाकण बसलं, स्क्रू पिळले गेले आणि वर झकास लेबल लागलं. कंपनीचं नाव एका नामांकित कंपनीसारखंच, फक्त मधलं एक अक्षर वेगळं. खाली लिहिलं होतं सातशे पन्नास वॅट. अंगात धमक निम्म्याचीही नव्हती. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

तिथून मी दादाच्या दुकानात आलो. सगळी गल्ली त्याला दादाच म्हणायची. माणूस वाईट नव्हता, हे मी आधीच सांगतो. म्हाताऱ्या मास्तरांचा कॉम्प्युटर तो फुकटात साफ करून द्यायचा. मला त्याने एकदाच हातात तोलून पाहिलं, कानाशी नेऊन हलवलं आणि हसला. त्याला कळलं होतं. "पत्रं टाइप करणाऱ्याला चालून जाईल," असं म्हणत त्याने मला काउंटरखालच्या फळीवर टाकलं. तिथे मी वर्षभर धूळ खात होतो.

एके दिवशी त्याची धाकटी बहीण हातात यादी घेऊन आली. ती ॲनिमेशन करायची. टूथपेस्टच्या जाहिरातींत नाचणारे दात काढून काढून कंटाळली आणि नोकरी सोडून स्वतःची फिल्म करायला बसली. एका आंधळ्या घड्याळजीची सहा मिनिटांची गोष्ट. ती एका मोठ्या स्पर्धेला पाठवायची होती, आणि जुना कॉम्प्युटर तर एका चित्रालाच धापा टाकायचा. म्हणून दोन महिने वाचून, चार जणांना विचारून तिने एकेक भाग निवडला होता.

"ग्राफिक्स कार्ड एक पायरी खालचं चालेल," ती म्हणाली, "पण एसएमपीएसमध्ये तडजोड नाही."

"माझंच वाक्य मलाच ऐकवतेस होय?" दादा हसला.

वाक्य त्याचंच होतं. ती आठवीत असताना त्याने तिच्या दोन हातांत दोन एसएमपीएस ठेवले होते आणि सांगितलं होतं, "डोळे मीट. लेबल खोटं बोलतं, हात बोलत नाही. वजन बघ. जड तो खरा." ते तिने जन्माची शिदोरी म्हणून जपलं होतं.

यादीतला, त्या नामांकित कंपनीचा खरा एसएमपीएस आठवड्यात आला. दादाने खोक्यावर "धाकटीचा" अशी चिठ्ठीही लावली. पण दुसऱ्याच दिवशी एका ऑफिसचे साहेब बंद पडलेलं मशीन घेऊन आले. त्यांना ते तासाभरात हवं होतं आणि दादाला त्यांच्या सगळ्या ऑफिसचं काम हवं होतं. तो खरा त्यांच्या मशीनमध्ये गेला. रिकामं खोकं उरलं. दादाने थोडा वेळ खोक्याकडे पाहिलं, मग वाकून मला काढलं, फडक्याने पुसलं आणि त्यात ठेवलं.

"घरचीच आहे, चालवून घेईल," तो स्वतःशीच पुटपुटला. "आठ दिवसांत बदलून टाकू."

घरी जेवणाच्या टेबलावर सगळे भाग मांडले गेले. आई बॅटरी धरून उभी होती आणि "शॉक नाही ना बसणार?" असं दर दोन मिनिटांनी विचारत होती. धाकटीने खोकं उघडून मला दोन्ही तळहातांवर घेतलं आणि खरंच डोळे मिटले.

"जड आहे," ती म्हणाली. कसली खूश झाली होती!

मला त्या क्षणी बोलता आलं असतं तर मी ओरडलो असतो, की बाई, हे माझं वजन नाही, माझ्या पोटातलं पाप आहे! दादा मान खाली घालून आधीच घट्ट बसलेला एक स्क्रू पुन्हा पिळत होता.

आठ दिवस गेले, महिनाही गेला. दादा दर रविवारी जेवायला यायचा, कॅबिनेटशी वाकून माझ्या पंख्याचा आवाज ऐकायचा. "चालतंय ना?" "मस्त!" "मग झालं." तिला वाटायचं, केवढी काळजी आहे भावाला! पोटात एक, ओठात एक, हे माझ्याबद्दल म्हणाल तर खरंच आहे, पण मी निदान निर्जीव आहे.

फिल्म मोठी झाली तसा माझा जीव मेटाकुटीला आला. काम ऐन रंगात असताना मशीन फटकन बंद पडायचं. तिने दादाला फोन केला.

"तुझ्या फायली जड झाल्यात," तो म्हणाला. "सॉफ्टवेअर परत टाकून बघ."

तिने बिचारीने तेही केलं. रॅम काढून पुसली, वायरी बदलल्या, स्वतःलाच बोल लावला. सगळे भाग तपासले, फक्त मला सोडून. माझ्यावर संशय कसा येणार? मला तिने स्वतःच्या हाताने तोललं होतं.

स्पर्धेची मुदत संपायच्या आदल्या दुपारी तिने पूर्ण फिल्म रेंडरला, म्हणजे एकेक चित्र पक्कं करून जोडायला लावली. मी झेपेल तितकं खेचलं. चौथ्या मिनिटाच्या चित्रावर माझ्या आत काहीतरी फुटलं, धूर निघाला, आणि जाताना मी मदरबोर्ड आणि हार्ड डिस्क यांनाही घेऊन गेलो. तिच्याजवळ दुसरी कॉपी होती, पण ती तीन आठवड्यांपूर्वीची. घड्याळजी अर्ध्या रस्त्यातच राहिला. फिल्म स्पर्धेला गेलीच नाही.

दुसऱ्या दिवशी तिने माझे स्क्रू काढले. लोखंड हाताला लागल्यावर तिने ते उपटून तळहातावर तोललं. मग मला पिशवीत घालून तडक दुकानात गेली आणि लोखंडाचा तुकडा काउंटरवर ठेवला.

दादाचा चेहरा पडला. "बदलणारच होतो गं. ते एक गिऱ्हाईक घाईत होतं... आणि तू काय, घरचीच. वाटलं, घेशील चालवून."

"मी फोन केला तेव्हा तुला माहीत होतं?"

दादा फडक्याने काउंटर पुसायला लागला.

"तूच शिकवलं होतंस," ती म्हणाली. "मी डोळे मिटले होते, दादा."

एवढं बोलून ती निघाली. तुकडा तिने परत नेला, मला तिथेच ठेवलं. तेव्हापासून रविवारी दादा दुकानातच डबा खातो. ऐकतो, की तिने आता अनोळखी दुकानातून मशीन जुळवून घेतलं, प्रत्येक भाग समोर उघडायला लावून. यादी उडू नये म्हणून वर ठेवायला तोच लोखंडाचा तुकडा होता म्हणे.

मला दादाने फेकलं नाही, दुरुस्तही केलं नाही. काउंटरवरच राहू दिलं. येता-जाता त्याची नजर माझ्यावर पडायची आणि तो दुसरीकडे बघायचा. लोकहो, भाग निवडताना लेबल बघा, वजन बघा, काय हवं ते बघा. पण देणारा स्क्रू कसा पिळतोय, तेही एकदा बघा. परका फसवतो तेव्हा वस्तू जाते, एवढंच.

आज भंगारवाला आला. त्याने मला काट्यावर टाकलं आणि तोंड वाकडं केलं.

"यात काहीच नाही हो," तो म्हणाला. "नुसता पोकळ."

माझं खरं वजन आज पहिल्यांदा झालं. दादा ते ऐकत उभा होता.